रोजच्या कटकटींचीही नोंद घ्यावी

महोदय,

थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ बदलांना त्यांच्यामुळे येणाऱ्या ताणानुसार गुण देणारी मोजपट्टी मांडली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि विवाहासारख्या आनंदाच्या प्रसंगालाही ५० गुण होते. मात्र वडील गेल्यावर माझी आई खचली ती केवळ दुःखाने नव्हे, तर खात्यावरील नाव बदलण्यासाठी तीच कागदपत्रे पुन्हा पुन्हा सादर करताना आणि रात्रभर गळणाऱ्या नळासाठी कुणाला हाक मारावी हे न सुचल्याने, असे मला प्रकर्षाने वाटते. ताण दीर्घकाळ टिकला की झोप उडते, रक्तदाब चढतो, प्रतिकारशक्ती घटते. डॉक्टरांनी रक्तदाब मोजताना ‘घरी सध्या काय चालले आहे?’ एवढे तरी विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक