पाबळला असलेल्या लेकीस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू अंडी उबवायच्या पेटीचा फोटो पाठवलास. झाकणाचा सांधा पक्का बसलाय, कडाही छान घासल्यास. पण पेटी धरलेल्या तुझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी दिसली. आईनं फोन केला तेव्हा, "खोलीवर थर्मोकोल कापताना कटर लागला," एवढंच सांगितलंस. किती वाजता कापत होतीस, ते सांगितलं नाहीस. म्हणून लिहायला बसलो. पण अंगठ्याबद्दल लिहिणार नाही, पेटीबद्दल लिहितो.

त्या कोंबड्यावाल्या मावशींची गोष्ट मी उद्यमनगरात सगळ्यांना सांगितली. त्यांच्यासाठी तू पहिल्यांदा केलेल्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे उबवणीच्या पेटीत, सेन्सर होता, मोबाइलवर तापमान दिसायचं, आलेख निघायचा. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्री लाईट गेली तर?" त्या दिवशी फोनवर तुझा आवाज पडला होता. अंड्याला २१ दिवस साडेसदतीस अंशांची ऊब लागते, तीही सारखी. एक रात्र पेटी गार पडली की सगळी उबवणी जायची. तुझ्या ॲपनं फार तर पिल्लं गेल्याची बातमी दिली असती. आणि ज्या मोबाइलवर ती येणार, तो मोबाइल दिवसभर मावशींच्या मुलाच्या खिशात.

मग तू वही घेऊन दिवसभर त्यांच्या अंगणात बसलीस. वीज कधी जाते, अंडी कोण फिरवतं, पाणी कोण ठेवतं, सगळं टिपलंस. परत येऊन ॲप काढून टाकलंस, थर्मोकोल जाड केलास, आत पाण्याच्या बाटल्या ठेवल्यास. वीज गेली तरी पाण्यातली ऊब लगेच जात नाही. बॅटरीवरची घंटा लावलीस. मनू, स्वतः केलेलं काढून टाकायला फार जीव लागतो. आमच्या लेथकामाच्या धंद्यात चाळीस वर्षं घालवलेल्यांनाही ते जमत नाही.

गिऱ्हाईक मशीनचा तुटलेला शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, घेऊन येतं आणि म्हणतं, असाच दुसरा करा. करून दिला की महिन्यात परत तुटतो. मशीन बघायला गेलं तर कळतं, बेअरिंगची बैठकच सरकलेली. तुमच्या डिझाइन थिंकिंगमध्येही आधी माणसाजवळ बसायचं, अडचण नेमकी कुठे ते ठरवायचं, मग स्वस्तातला नमुना करून तो मोडू द्यायचा, असं तू सांगितलंस. मोडू द्यायचा, हे मला पचायला जड गेलं. आमच्याकडे करताना बिघडलेला तुकडा म्हणजे भंगार आणि मालकाची बोलणी. तुम्हाला बिघडलेल्याचीही फोटोसकट नोंद ठेवायला लावतात, हे मला फार आवडलं.

तरी रात्री जागून करू नकोस. झोप नसेल तर हात आधी फसतो, डोकं मागाहून जागं होतं. प्रेस मशीनवर माझ्या शेजारी उभा राहणारा एकजण डबल पाळीच्या शेवटच्या तासाला दोन बोटं गमावून बसला. त्याचा हात आमच्या सगळ्यांत सफाईदार होता. लेझर कटर चालू असताना जागा सोडू नकोस. ड्रिलजवळ केस घट्ट बांध, ओढणी नको आणि हातमोजेही नकोत, फिरत्या बिटात मोजा अडकला की हात ओढून नेतो. तुला हे तिथं पहिल्याच आठवड्यात शिकवलं असणार. मी परत सांगतोय, रागावू नकोस.

आज्जीच्या शेगडीचं बटण आठवतं का? तिची बोटं वाकडी झाली, बटण फिरेना. तू आठवीत होतीस, शाळेत नुकतीच अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे पोरांनी वस्तू करून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, आली होती. तू आज्जीच्या मुठीचं माप मातीत घेतलंस आणि थ्रीडी प्रिंटरवर लांब कानाचं पिवळं बटण छापून आणलंस. चार दिवसांत बर्नरच्या धगीनं ते वाकलं. त्या प्रिंटरचं प्लॅस्टिक, पीएलए, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे आपल्या घरात सगळ्यात आधी तुला कळलं. तू रडली नाहीस, माझ्याकडे सागाचा तुकडा मागितलास. ते लाकडी बटण आज्जी गेल्यावरही आईनं काढू दिलेलं नाही.

आत्त्या अजून नोकरीचं काढते. एवढी कंपनी सोडून खेड्यात कशाला, म्हणते. मी तिला कलबाग सरांचं सांगितलं. अमेरिकेतून डॉक्टरेट केलेला माणूस, हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून पाबळच्या माळावर आला आणि १९८३ मध्ये शाळा सुटलेल्या पोरांना हातानं काम करत शिकवू लागला. तिथंच २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हवी ती वस्तू करून बघायची कार्यशाळा, उभी राहिली, तेही अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं. आत्त्या गप्प बसली, पटलं असं नाही. मला पटलंय. घरभाड्याची आणि वरच्या खोलीच्या हप्त्याची काळजी तू करायची नाहीस, ते आमचं आम्ही बघू.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का? आई विचारतेय म्हणून लिहिलं. खरं तर मीच विचारतोय. कापल्यावर लगेच घ्यायला हवं होतं, नसेल तर उद्या सकाळी जा. कुणाला तरी सोबत ने.

आता ट्रेचं. फोटोत अंड्यांचा ट्रे कलवणारा दांडा छापलेला दिसतोय. मावशींना साठ अंडी ठेवायची आहेत, म्हणजे अंड्यांचंच तीन-साडेतीन किलो होतं, ट्रेचं वेगळं. दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंश असं अठरा दिवस कलतं राहायचं तर प्लॅस्टिकचा दांडा त्या उबेत हळूहळू बाक धरेल. मी आठ मिलीचा शाफ्ट लेथवर करून देतो, दोन्ही टोकांना ६०८ नंबरचं बेअरिंग बसेल. पेटीची आतली रुंदी व्हर्नियरनं तीन ठिकाणी मोज, पट्टीनं नको. मोटरच्या दांड्याचा व्यासही कळव आणि तो गोल आहे की एका बाजूनं सपाट, तेही. विन्या रविवारी पुण्याला येतोय. शुक्रवारी रात्रीपर्यंत मापं आली तर त्याच्याकडेच देतो.

आईचे आशीर्वाद.

तुझे
आप्पा