झाडू हातात असलेल्याला कापडी मास्क देऊ नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सफाई कामगार, वाहतूक पोलीस व बांधकाम मजूर यांच्यासाठी मास्कची खरेदी, मापे आणि प्रशिक्षण

सप्रेम नमस्कार.

मुंबईची हवा सर्वांत जास्त बिघडते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. वारे मंदावतात, पहाटे जमिनीलगतची हवा गार राहते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. खालचा धूर आणि धूळ वर जाऊ शकत नाही. ऊन चढेपर्यंत सगळे नाकाच्या उंचीवरच कोंडून राहते. नेमक्या या वेळेत सफाई कामगारांची पहिली पाळी रस्त्यावर असते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा आत घेतो. झाडू मारणारा, गाडी ढकलणारा माणूस पंचवीस-तीस लिटर घेतो, आणि दम लागला की त्यातली बरीच तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. एकाच रस्त्यावर एकाच तासात त्याच्या फुप्फुसात जाणारा कचरा बाकावर बसलेल्या माणसापेक्षा तिप्पट-चौपट असतो.

या माणसाला अनेक ठिकाणी आजही कापडी मास्क किंवा तीनपदरी सर्जिकल मास्क दिला जातो. तो या कामासाठी नाही. हे बदलणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

पीएम २.५ म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान कण. डिझेलचा धूर, कचऱ्याची जाळपोळ, भट्ट्या आणि कोळसा ही त्यांची उगमस्थाने. हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत उतरतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही पोहोचतात. त्यामुळे खोकला आणि दमा एवढ्यावर भागत नाही, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवले. भारतात २०१९ या एका वर्षात घरातल्या आणि बाहेरच्या हवा प्रदूषणाशी जोडलेले मृत्यू सुमारे १६ लाख ७० हजार होते.

पीएम २.५ साठी आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ असावी असे सांगितले. आता फलकावर झळकणारा हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) पाहा. १०१ ते २०० हा टप्पा 'मध्यम' म्हणवतो, आणि २०० म्हणजे पीएम २.५ चे ९० मायक्रोग्रॅम. आपल्याच मर्यादेच्या दीडपट हवेला आपण मध्यम म्हणतो, आणि लोक निर्धास्त बाहेर पडतात. शिवाय हा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. सकाळी सात वाजता रस्त्यावर काय आहे, ते त्यातून कळत नाही. पाळी ठरवताना आणि मास्क कधी सक्तीचा करायचा हे ठरवताना तासागणिकचा पीएम २.५ चा आकडा पाहायला हवा. स्वयंचलित केंद्रे तो देतात.

आता मास्ककडे येऊ. पुष्कळांना वाटते की मास्क चाळणीसारखा असतो : भोके लहान असली की कण अडकतात. तसे असते तर श्वासच घेता आला नसता. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही आणि तंतूवर आदळतो. फार लहान कण थरथरत भरकटतो आणि तंतूला चिकटतो. मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण दोन्हींतून निसटतात. ते धरायचे काम करतो चांगल्या मास्कमधल्या, वितळवून फुंकलेल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या थरावरचा विद्युतभार. कापडी मास्कमध्ये हा थर नाही आणि भारही नाही. म्हणून 'पीएम २.५ चे ९९ टक्के कण अडवतो' असे पाकिटावर छापलेले असले, तरी ती चाचणी कुठल्या आकाराच्या कणांवर झाली हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. अडीच मायक्रॉनचा कण अडवणे सोपे असते. धुरातले बहुतेक कण त्याहून कितीतरी लहान असतात.

सर्जिकल मास्कची अडचण वेगळी आहे. त्याचे भारतीय मानक आयएस १६२८९ थेंबांसाठी आणि जिवाणूंसाठी आहे. मास्क गालाला चिकटून बसतो की नाही, हे त्यात तपासतच नाहीत. कापड उत्तम असले तरी हवा सोपी वाट धरते, आणि सोपी वाट गालाच्या फटीतून जाते. घामाने कापड भिजले की त्यातून श्वास ओढणे जड होते, मग आणखी जास्त हवा फटीतून आत येते.

कामगाराला गरज आहे ती कण रोखणाऱ्या, नाक-तोंड-हनुवटी झाकणाऱ्या अर्धमुखी मास्कची. त्याचे भारतीय मानक आयएस ९४७३ आणि वर्ग किमान एफएफपी२, म्हणजे चाचणीत ९४ टक्के कण अडवणारा. निविदेत नुसते 'एन९५ किंवा समतुल्य' लिहिले की काय होते, ते खरेदी विभागाला ठाऊक आहे : सर्वांत स्वस्त निविदा कानात अडकवायच्या दोऱ्यांच्या मास्कची येते आणि तीच मंजूर होते. म्हणून निविदेत चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. एक, आयएस ९४७३ एफएफपी२ आणि आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर कोणालाही पडताळता येतो, तेव्हा माल उतरवून घेताना भांडारपालाने तो पडताळून नोंद करावी. दोन, डोक्यामागून जाणारे दोन पट्टे. कानाचे दोरे मास्कला पुरेसे घट्ट धरत नाहीत आणि दोन तासांत कान दुखू लागले की मास्क हनुवटीवर येतो. तीन, नाकावर वाकवता येणारी धातूची पट्टी. चार, किमान दोन मापे. सफाई कामगारांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत आणि एकाच मध्यम मापाचा मास्क लहान चेहऱ्यावर हनुवटीखाली आणि गालांवर उघडा राहतो. प्रत्येक खेपेतले काही नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच बिल काढावे.

काही मास्कवर श्वास सोडण्यासाठी बसवलेल्या झडपेबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण त्यावरून खरेदी अडते. २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने झडपेच्या मास्कविरुद्ध राज्यांना पत्र पाठवले होते. कारण झडपेतून बाहेर पडणारा श्वास गाळला जात नाही आणि बाधित माणसाकडून विषाणू पसरू शकतो. धुळीच्या कामाला हे कारण लागू नाही. झडप फक्त श्वास सोडताना उघडते, आत येणारी हवा फिल्टरमधूनच येते. मुंबईच्या दमट हवेत झडपेमुळे आतली वाफ आणि उष्णता कमी होते, आणि मास्क तोंडावर टिकतो. धुळीच्या कामासाठी झडपेचा मास्क चालेल, असे एक स्पष्ट परिपत्रक निघाले तर बरेच प्रश्न मिटतील.

पण उत्तम मास्क विकत घेऊन हजेरीच्या चौकीवर पेटी ठेवली की काम झाले असे नाही. बाहेर १०० मायक्रोग्रॅम आहेत आणि फिल्टर ९४ टक्के कण अडवतो असे धरू. मास्क नीट बसला आणि फटीतून ५ टक्केच हवा आली, तर आत साधारण ११ मायक्रोग्रॅम येतात. तोच मास्क सैल बसला आणि ४० टक्के हवा फटीतून आली, तर आत ४४ येतात. पैसे तेवढेच गेले, संरक्षण मात्र चौपटीने घटले.

म्हणून घालायची रीत शिकवायला हवी. मास्क तळहातात धरून नाक आणि हनुवटीवर बसवायचा. खालचा पट्टा कानांखालून मानेवर, वरचा डोक्याच्या माथ्यावर. अंबाडा असेल तर वरचा पट्टा अंबाड्यावरून घसरतो, तो अंबाड्याच्या वरच्या बाजूला बसवावा. ओढणी किंवा रुमाल मास्कच्या आत कधीही नको. कडेखाली एक पदर आला की तिथे फट पडते. नाकाची पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली की मध्येच टोक येते आणि दोन्ही बाजूंना जागा राहते. ती दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्यायची. मग दोन्ही तळहातांनी मास्क झाकून जोरात श्वास ओढायचा. मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. डोळ्यांजवळ गार झुळूक लागली किंवा चष्म्यावर वाफ आली, तर नाकाची पट्टी पुन्हा बसवायची. हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि मुकादमाने हजेरीच्या वेळी रोज करून घेण्यासारखे आहे.

रोजच्या या तपासणीखेरीज प्रत्येक कामगाराची मापचाचणी मास्क देताना एकदा आणि पुढे वर्षातून एकदा व्हावी. डोक्यावर पारदर्शक टोपडे घालून आत कडू द्रावणाचा फवारा सोडतात. आधी मास्क न घालता ती चव त्या माणसाला कळते का, हे पाहतात. मग मास्क घालून साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, वर-खाली, बोलणे, वाकणे आणि पुन्हा साधा श्वास, प्रत्येकी एक मिनिट. मध्येच कडू लागले तर तो मास्क त्या चेहऱ्याचा नव्हे. दुसरे माप किंवा दुसरी घडण द्यायची. माणशी वीस मिनिटे पुरतात, आणि प्रत्येक विभागात दोन परिचारिका किंवा आरोग्य निरीक्षक हे शिकले तर काम चालते.

दाढीचा प्रश्न नाजूक आहे, पण टाळता येत नाही. कडेखाली दोन दिवसांचे खुंट आले तरी मास्क गळतो. धर्मामुळे किंवा त्वचेच्या आजारामुळे जे दाढी करू शकत नाहीत, त्यांच्यावर सक्ती करू नये. त्यांना पंख्याने गाळलेली हवा देणारे सैल टोपडे द्यावे, किंवा कमी धुळीच्या कामावर घ्यावे.

मास्क किती दिवस चालतो, हा प्रश्न प्रत्येक चौकीवर येतो. पाळीत सात तास, मिनिटाला ३० लिटर, म्हणजे सुमारे साडेबारा घनमीटर हवा. घनमीटरला १ मिलिग्रॅम धूळ धरली, जी फार जास्त आहे, तरी फिल्टरवर दिवसाला १३ मिलिग्रॅम बसतील. अमेरिकेच्या मार्गदर्शनात २०० मिलिग्रॅमनंतर फिल्टर बदलायला सांगतात. म्हणजे फिल्टर भरण्याआधीच मास्क दुसऱ्या कारणांनी निकामी होतो : पट्टा सैल पडतो, नाकाची पट्टी सुटते, घामाने आकार जातो, आतून मळतो. आमच्या मते माणशी आठवड्याला दोन मास्क, दिवसाआड आलटून-पालटून, हे किमान प्रमाण असावे. वापरलेला मास्क कागदी पिशवीत नाव लिहून सुकू द्यावा. प्लास्टिकमध्ये ओल राहते. साबणाने धुवू नये. सॅनिटायझर तर मुळीच मारू नये, कारण अल्कोहोलने तंतूंवरचा भार जातो आणि दिसायला स्वच्छ मास्क गाळणे सोडतो. कचरा डेपो आणि राडारोड्याच्या कायम कामावर फिल्टर बदलता येणारा रबरी अर्धमुखी मास्क दीर्घकाळात स्वस्त पडतो. त्याचा सांगाडा धुता येतो, फिल्टर धुवायचा नसतो.

मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मजुरांना मास्क आणि गॉगल बंधनकारक केले आहेत. मास्क कुठला, हे मात्र ठेकेदारावर राहते. नाक्यावरून रोजंदारीवर आलेल्या बिगाऱ्याला रुमाल मिळाला तरी नियम पाळल्यासारखा दिसतो. सिमेंट कापताना आणि काँक्रीट फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, आणि तिच्यामुळे फुप्फुसे निबर करणारा सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही. आपल्या विभागाने मानकाचा क्रमांक ठरवून दिला, तर कामगार विभाग आणि महापालिका तो आपल्या अटींत घालू शकतात.

मास्कची मर्यादाही आदेशात लिहिलेली असावी. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन हे वायू तो अडवत नाही. सिग्नलवर उभ्या वाहतूक पोलिसाला मास्कबरोबर जागेची अदलाबदलही हवी. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क घालू नये, आणि लहान मुलांच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा एन९५ बसत नाही. हृदयरोगी, सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे) रुग्ण आणि गर्भवती यांनी डॉक्टरांना विचारूनच तो वापरावा.

आणि मास्क हा शेवटचा उपाय आहे. कोरडा झाडू बंद करून ओले झाडणे किंवा धूळ ओढणारी यंत्रे, हिवाळ्यात पहिली पाळी ऊन चढल्यावर सुरू करणे, कचरा जाळणाऱ्यावर त्याच दिवशी कारवाई, या गोष्टी मास्कआधी यायला हव्यात. पाण्याचे फवारे मारणाऱ्या तोफा उगमाजवळच्या जाड धुळीला उपयोगी आहेत, पीएम २.५ वर त्यांचा भरवसा ठेवू नये. पर्यावरण विभाग आपल्याकडे नसला तरी सरकारी आणि पालिका रुग्णालयांची नोंद आपण मागवू शकता : दमा आणि सीओपीडीचे किती रुग्ण तातडीच्या विभागात आले, किती जणांना नेब्युलायझर द्यावा लागला, हे दर आठवड्याला त्या प्रभागाच्या पीएम २.५ च्या आकड्याशेजारी प्रसिद्ध करावे. चंद्रपूरसारख्या कोळसा आणि वीजनिर्मितीच्या शहरात तर हे आधीपासून व्हायला हवे होते.

निविदा, नमुने, चाचणी, वाटप आणि मापचाचणी या सगळ्याला तीन ते चार महिने लागतात. दिवाळीनंतर हवा बिघडल्यावर मागणी निघाली, तर मास्क चौकीवर पोहोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. म्हणून आपल्याकडे मागणी एवढीच : मास्कच्या मानकाचे परिपत्रक जूनअखेर निघावे, खरेदी ऑगस्टमध्ये संपावी आणि ऑक्टोबर सुरू होण्याआधी प्रत्येक कामगाराची, कंत्राटी कामगारासह, मापचाचणी होऊन त्याच्या नावापुढे मास्कचे माप नोंदलेले असावे. नोंदवहीचा नमुना, परिपत्रकाचा मसुदा आणि पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण आम्ही विनामोबदला देऊ.

आपले,
औद्योगिक आरोग्य आणि श्वसनसंरक्षण या क्षेत्रांत काम करणारे