न वाचलेल्या पत्राबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्यासाठी लिहिलेलं शिफारसपत्र मी वाचलेलं नाही आणि कधी वाचणारही नाही. अमेरिकेतल्या पीएच.डी.साठी ऑनलाइन अर्ज भरताना एक प्रश्न येतो: हे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेत १९७४च्या कायद्यानं विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिलेला आहे आणि प्रवेश घेऊन तिथे शिकायला लागल्यावर शिफारसपत्रंही त्यात मोडतात. पण बहुतेक मुलं तो हक्क सोडतात, कारण विद्यार्थ्यापासून झाकलेल्या पत्रावरच प्रवेश समितीचा भरवसा बसतो. मीही सोडला. त्यामुळे तुम्ही काय लिहिलंत हे मला ठाऊक नाही. पण ते लिहिण्यासाठी तुम्ही काय काय केलंत, ते मी समोर बसून पाहिलंय. आज त्याबद्दल सगळ्यांसमोर आभार मानायचे आहेत.

आपल्याकडची रीत कुणाला नवी नाही. "तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो." मला हे ऐकावं लागलं होतं, आणि म्हणणाऱ्यांचा मला राग नाही. प्रॅक्टिकलच्या बॅचेस, पेपर तपासणी, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, मध्येच निवडणुकीची ड्यूटी. शिफारसपत्राचे तास कुठल्याच वर्कलोडमध्ये धरत नाहीत. पण मुलांनीच लिहिलेली ही पत्रं सगळी सारखी होतात. होतकरू, कष्टाळू, शिस्तप्रिय. नाव बदललं की दुसऱ्याला चालतील अशी.

तुम्ही म्हणालात, "ड्राफ्ट नको. जर्नल घेऊन ये."

मी रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांची जर्नलं, प्रोजेक्टचा रिपोर्ट, गुणपत्रिका आणि कच्चं एसओपी (काय शिकायचंय आणि का, हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध) घेऊन स्टाफरूममध्ये आले. तुम्ही जर्नलं पान उलटत उलटत पाहिलीत. एका ऑरगॅनिक प्रिपरेशनपाशी, म्हणजे पदार्थ तयार करण्याच्या प्रयोगापाशी थांबलात. त्यात अपेक्षेच्या किती टक्के पदार्थ हाती आला, ते यील्ड. "बाकी सगळ्यांचं यील्ड सत्तर-ऐंशी टक्के, तुझंच चाळीस कसं गं?" मी सांगितलं, रिक्रिस्टलायझेशनमध्ये, म्हणजे पदार्थ विरघळवून पुन्हा स्फटिक करून शुद्ध करताना, बराच माल सॉल्व्हंटमध्ये राहिला, आणि जेवढं वजन भरलं तेवढंच लिहिलं. तुम्ही मान वर केलीत. मग सॉल्व्हंट किती घेतला होता, थंड किती वेळ केलं, पुन्हा करायचं झालं तर काय बदलशील, असं विचारत राहिलात आणि शेवटी "हे लिहिता येईल," म्हणत वहीत टिपून घेतलंत. त्या दुपारपर्यंत मला ते पान माझ्या जर्नलमधलं सर्वांत कमकुवत पान वाटत होतं.

आमच्या घरी तेव्हा वेगळीच चर्चा चालू होती. काकांचं म्हणणं, संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र घ्यावं, लेटरहेडला वजन असतं. ओळखही निघत होती. तुम्ही स्पष्ट सांगितलंत, की जे तुला वर्गात ओळखत नाहीत त्यांच्याकडून घेऊ नकोस. फॉर्मवर सहसा सुरुवातीलाच प्रश्न असतो, या विद्यार्थिनीला तुम्ही किती काळापासून आणि कोणत्या नात्यानं ओळखता. पीएच.डी.च्या अर्जाला साधारण तीन पत्रं लागतात. तिसरं पत्र विभागप्रमुखांऐवजी माझ्या प्रोजेक्ट गाइडकडून घ्यायला लावलंत, कारण त्यांनी मला रोज प्रयोगशाळेत पाहिलं होतं. काकांना समजावणारा फोनसुद्धा तुम्हीच केलात.

मला सर्वांत जास्त भीती गुणांची होती. आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो, पण अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या हिशेबात साठ-पासष्ट म्हणजे काठावर पास. माझे अडुसष्ट बघून तिकडे काय समजतील? तुम्ही म्हणालात, "तुझ्या अडुसष्टचा अर्थ काय, आपल्या विद्यापीठात तेवढे किती जणांना पडतात, ते मी लिहीन. तू त्याची काळजी करू नकोस." ही गोष्ट मी स्वतः अर्जात लिहिली असती तर सबब वाटली असती. शिक्षकानं सांगितली की ती माहिती होते.

आणि मग ते पोर्टल! तुमच्या काळी पत्र लेटरहेडवर टाइप करून, पाकीट बंद करून चिकटवलेल्या कडेवर सही-शिक्का मारला की झालं, असं तुम्ही सांगत होतात. आता प्रत्येक विद्यापीठाची वेगळी लिंक, वेगळा पासवर्ड, वेगळा तक्ता: विद्यार्थिनी वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत? जीमेलच्या पत्त्यावर काही ठिकाणी शंका घेतात म्हणून तुम्ही ऑफिसमध्ये पाठपुरावा करून बंद पडलेला कॉलेजचा ईमेल सुरू करून घेतलात. लिंक स्पॅममध्ये जायच्या, त्या शोधून काढायचात. १५ डिसेंबरची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रात्री ११:५९ची, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या जरा आधीपर्यंत वेळ होता. तुम्ही मात्र सगळी पत्रं नोव्हेंबरातच पाठवलीत. प्रत्येक पत्र गेलं की मला मेसेज यायचा, "गेलं." त्या एका शब्दानं केवढा धीर यायचा, मॅडम.

आता मी इथे टीचिंग असिस्टंट आहे, पदवीच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेते. गेल्या सत्रात एका मुलानं शिफारसपत्र मागितलं. मी त्याला लॅब नोटबुक घेऊन बोलावलं आणि तासभर प्रश्न विचारले. पत्र लिहायला बसले तेव्हा कळलं की एकेक वाक्य खरं आणि त्याच मुलाचं असावं म्हणून किती वेळ जातो. तुम्ही तर हे दरवर्षी करता, आणि घरचं सगळं आवरल्यावर, रात्री.

यंदा आपल्या विभागातल्या मुली परदेशी अर्ज करणार आहेत, त्यांचे मला फोन येतात. मी त्यांना सांगितलंय: मॅडमकडे दिवाळीच्या आधी जा. मुदतीच्या तारखांचा एकच कागद करून न्या, कोणत्या विभागात कोणाच्या हाताखाली काम करायचंय ते त्यावर लिहा, आणि जर्नल कोरं-करकरीत करायला पुन्हा उतरवत बसू नका, आहे तसंच न्या. निकाल काहीही लागला तरी तो मॅडमना कळवा. हे शेवटचं बरेच जण विसरतात, आणि तुम्ही मात्र मार्चपासून वाट बघत असता, हे मला माहीत आहे.

माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा पार पडली. आता संशोधनाला सुरुवात. कळवायचं राहू नये म्हणून इथेच लिहिते.

तुमची विद्यार्थिनी