जुन्या रायफलीवर दुर्बीण चढवू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील जुन्या शिकारी रायफलींवरचा लेख वाचला. नक्षीकामाचे कौतुक भरभरून आहे, पण नेम धरायची नळीवरची मागची खाच आणि टोकाची माशी यांबद्दल एक ओळही नाही. चाळीस वर्षे बंदूकदुरुस्तीत गेली, म्हणून राहवले नाही.

त्या काळच्या चांगल्या रायफलीची मागची खाच मुद्दाम रुंद आणि उथळ ठेवलेली असते. खाच खोल असली की तिच्या कडाच सावज झाकून टाकतात. उथळ खाचेच्या मधोमध एक पांढरी उभी रेघ असते आणि नळीच्या टोकाला हस्तिदंताचा बारीक मणी, तीच माशी. रायफल खांद्याला लागली की मणी रेघेवर आपसूक येऊन बसतो, शोधावा लागत नाही. 100 यार्डांच्या नेमाची पत्ती, म्हणजे खाच कोरलेली पट्टी, पक्की उभी असते. लांबच्या पत्त्या आडव्या निजवलेल्या, लागतील तेव्हाच उचलायच्या. काही रायफलींना तर अंधुक उजेडासाठी दुसरा, मोठा मणी घडी करून दिलेला असे.

दस्त्याची, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडी भागाची, वरची कडही या खाचेच्या हिशेबानेच उतरती केलेली असते. गाल टेकला की डोळा नेमका रेषेत.

हे सांगतो, कारण एक चूक माझ्याच हातून झाली. एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी जुन्या माउझर या जर्मन रायफलीच्या रिसीव्हरला, म्हणजे नळीमागच्या पोलादी सांगाड्याला, भोके पाडून मी दुर्बीण बसवली. दुर्बीण उंचावर, त्यामुळे गाल दस्त्यावरून सुटला आणि हनुवटी टेकून नेम धरायची वेळ आली. सेफ्टीची मागची कळ दुर्बिणीला अडू लागली, म्हणून तीही बदलली. 1898 च्या त्या रचनेत कळ मधोमध उभी केली की चाप ओढला तरी गोळी सुटत नाही, पण बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) उघडून काडतुसे सुखरूप काढता येतात. शिवाय उभी कळ नेमाच्या आड येते, म्हणजे सेफ्टी लागलेली आहे हे डोळ्यालाच कळते. इतकी शहाणी कळ मी काढून टाकली. पाडलेली भोके बुजवली तरी पोलादावर डाग राहतोच.

ज्यांच्याकडे अशी रायफल वारशाने आली असेल, त्यांनी तिला ड्रिल लावू देऊ नये, ही कळकळीची विनंती. आणि पुढच्या वेळी आपण छायाचित्र बाजूने न घेता दस्त्याच्या मागून घ्यावे, डोळा जिथे असतो तिथून.

आपला,
एक निवृत्त बंदूक कारागीर