‘नवशिक्यांसाठी’ विकलेल्या वॉटर कूलिंग संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ग्राफिक्स कार्डाच्या वॉटर कूलिंग संचातील दोष आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय/महोदया,

तुमचा संच मी घेतला तो खोक्यावरच्या दोन वाक्यांवर विसंबून : ‘पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी’ आणि ‘लागणारे सर्व काही आत’. तो आज निकामी झाला आहे आणि ‘ग्राहकाने चुकीचे द्रव वापरले’ असे सांगून तुम्ही वॉरंटी नाकारली आहे. मी वापरलेले द्रव म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. तेच भरा, असे तुमच्याच माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पायरीत छापले आहे.

सुरुवातीला गेम चालू असताना चिपचे तापमान ५५ अंशांच्या आसपास असायचे. पुढे पंपाचा आणि पंख्यांचा वेग तोच असताना ते चढत चढत ८० च्या वर गेले आणि कार्ड स्वतःचा वेग कमी करू लागले. ब्लॉक, म्हणजे चिपवर बसणारा आणि आतून पाणी खेळणारा ठोकळा, उघडला, तर तांब्याच्या तळातल्या बारीक खाचा राखाडी-पांढऱ्या गाळाने बुजलेल्या. गरम पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरला नळीचे फिटिंग बसते तिथला काळा रंग थोडा खरवडून पाहिला. खाली ना तांबे निघाले ना पितळ. रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आहे, हे तुमच्या प्रतिनिधीनेही नंतर ईमेलमध्ये मान्य केले. खोक्यावर किंवा पुस्तिकेत मात्र त्याचा उल्लेख कुठेच नाही.

तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांच्यात बारीकशी वीज वाहते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजते. डिस्टिल्ड वॉटरमधून वीज सुरुवातीला जेमतेम वाहते, पण धातूंचे आयन त्यात उतरू लागले की तो आडोसाही संपतो. म्हणून अशा जोडीला गंजरोधक मिसळलेला कूलंट लागतो. हे तुम्हाला ठाऊक होते. वॉरंटी नाकारताना तुम्ही नेमके हेच कारण दिलेत! मग तो कूलंट संचात का नव्हता? निदान पुस्तिकेत एक ओळ का नव्हती?

‘बाजारातल्या बहुतेक तयार कूलरमध्ये हीच जोडी असते,’ हे तुमचे उत्तर मला पटलेले नाही. ते कूलर कारखान्यातच गंजरोधक द्रव भरून बंद केलेले असतात. इथे द्रव भरणारा मी, आणि काय भरायचे ते सांगणारे तुम्ही.

पुस्तिकेबद्दल आणखी थोडे. संचात दोन जाडीचे थर्मल पॅड (उष्णता ब्लॉककडे नेणारे मऊ तुकडे) आहेत, पण मेमरीवर कोणता आणि व्हीआरएमवर, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या भागावर, कोणता, हे आकृतीत नाही. मी जाडी मोजून लावले. चुकीच्या जागी जाड पॅड लागला तर ब्लॉक चिपवर नीट टेकतच नाही, हे नवशिक्याने कुठून ओळखावे? गळती तपासण्याविषयी तर एवढेच, की ‘गळती नाही याची खात्री करा’. कार्ड आणि मदरबोर्ड यांची वीज तोडून फक्त पंप चालवायचा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवून पाहायचे, इतके लिहायला चार ओळी पुरल्या असत्या. खोक्यावरच्या रंगीत दिव्यांच्या वर्णनाला याहून जास्त जागा दिली आहे.

माझ्या मागण्या अशा. संचाची पूर्ण रक्कम परत करावी, किंवा तांब्याचा रेडिएटर आणि नवा ब्लॉक विनामूल्य द्यावा. जुना ब्लॉक साफ करून परत पाठवण्याचा प्रस्ताव मला मान्य नाही. झिजलेला रेडिएटर त्याच जागी राहिला, तर गाळ पुन्हा साचणारच. रेडिएटरचा धातू खोक्यावर ठळक छापावा आणि पुस्तिकेतली डिस्टिल्ड वॉटरची सूचना दुरुस्त करावी. ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे त्यांनाही तसे कळवावे. त्यांच्या ब्लॉकमध्ये आत्ता काय साचते आहे हे त्यांना बाहेरून दिसणार नाही.

या पत्राचे उत्तर १५ दिवसांत लेखी मिळावे. न मिळाल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, पुस्तिकेच्या शेवटच्या पानाचा फोटो, ब्लॉक व रेडिएटर यांचे फोटो, तुमच्या प्रतिनिधीचा ईमेल