विषय : तपासणी यंत्रांच्या ट्रॉल्या सामान चढवल्यावर कलंडतात, त्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या १२ फिरत्या ट्रॉल्या चार महिने वापरून झाल्यावर हे पत्र लिहीत आहोत. सांगाडा एकच, वरची पट्टी बदलली की कधी ईसीजी, कधी पोर्टेबल सोनोग्राफी, कधी स्पायरोमेट्री (फुप्फुसांची तपासणी), ही कल्पना आम्हाला पटली म्हणूनच ऑर्डर दिली होती. तक्रार कल्पनेबद्दल नाही. पट्टी बदलली की वजन बदलते, तोल बदलतो आणि वायरींची वाट बदलते. आपल्या आराखड्यात बदलतात ती फक्त भोके.

सगळ्यात गंभीर गोष्ट कलंडण्याची. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचे मानक आयईसी ६०६०१-१, त्यानुसार हलवताना ट्रॉली १० अंश झुकली तरी पडता कामा नये. आपला चाचणी अहवाल रिकाम्या ट्रॉलीचा आहे, आणि रिकामी ट्रॉली वॉर्डात कुणी फिरवत नाही. सोनोग्राफी यंत्र, प्रिंटर आणि यूपीएस धरून वजन ५२ किलो भरते. खांब पूर्ण वर घेतल्यावर गुरुत्वमध्य जमिनीपासून ९५० मिमीवर येतो, म्हणजे १० अंशांना आधाराची कड मध्यापासून किमान १६८ मिमी दूर हवी. आपली चाके ज्या उभ्या खिळ्यांभोवती वळतात त्यांच्यातले अंतर ४०० मिमी, म्हणजे निम्मे २००. कॅस्टर (ही वळणारी चाके) आतल्या बाजूला वळले की चाक टेकण्याची जागा ३५ मिमी आत सरकते, उरतात १६५. आराखड्यात कॅस्टर नेहमी बाहेर वळलेले दाखवले आहेत; वॉर्डात ट्रॉली पुढे ढकलली की पुढचे कॅस्टर आत वळतात. लिफ्टच्या फटीत पुढचे चाक अडकते तेव्हा दोन ट्रॉल्या अशाच कलल्या, वॉर्डबॉयने धरल्या म्हणून यंत्र वाचले.

उपाय महागाचा नाही. ९ किलोचा यूपीएस आपण ८०० मिमी उंचीवर, ट्रेच्या खाली टांगला आहे. तो तळपट्टीवर, १५० मिमीवर बसवला तर गुरुत्वमध्य ११० मिमीहून जास्त खाली येतो आणि १६८ ऐवजी १४८ मिमी पुरतात. चार स्क्रू आणि एक लांब वायर, एवढ्यात काम होते. ते का केले नाही, हे आम्हाला कळलेले नाही. चाके मात्र ७५ ऐवजी १२५ मिमीची हवीतच. त्यांचा खिळ्यापासूनचा सरकाव जास्त, म्हणून तळही ५०० मिमीचा करावा लागेल. ब्रेक फक्त चाक धरतो, वळणे धरत नाही. रुग्णाच्या खाटेशी लावलेली ट्रॉली धक्का लागला की स्वतःभोवती फिरते.

एक चाक उघडून पाहिले. आसाभोवती पोछ्याचा दोरा आणि लांब केस इतके घट्ट बसले होते की ब्लेडने कापावे लागले. दोरा अडवणारी टोपी दोन्ही बाजूंना नसेल तर हेच होणार, आणि मग सिस्टर ट्रॉली ढकलत नाहीत, ओढत नेतात.

विजेचे वेगळे सांगतो. प्लगच्या अर्थ पिनपासून वरच्या ट्रेपर्यंतचा रोध ०.२ ओहमच्या आत हवा. सात ट्रॉल्यांत तो ३ ते ७ ओहम आला आणि हँडल हलवले की आकडा बदलतो. कारण साधे आहे : खांबाच्या सांध्यात पावडर कोटिंगवरच, म्हणजे वीज न वाहणाऱ्या रंगावरच, बोल्ट कसले आहेत. बोल्टखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर टाकावा आणि ट्रेपासून तळापर्यंत हिरवी-पिवळी वायर वेगळी ओढावी. ईसीजीच्या ट्रेखालीच ॲडॅप्टर ठेवल्याने ईसीजीच्या कागदावर विजेची ५० हर्ट्झची जाड किनार उमटते आणि पी लाट (आलेखातली पहिली छोटी लाट) वाचता येत नाही, तोही तळात हलवा.

ईसीजीच्या वायरी अडकवायला दिलेले आकडे जेमतेम १० मिमीचे आहेत. वायर तिथे काटकोनात मोडते, आतली तार तुटते, आणि मशीन ‘लीड ऑफ’ (वायर सुटली) दाखवते. आधी सगळे इलेक्ट्रोडला दोष देतात. जाड, गोल, ६० मिमी व्यासाचा आकडा द्या आणि तो वर ठेवा, म्हणजे वायरी चाकाखाली येणार नाहीत. सोनोग्राफीच्या पट्टीची अडचण तर कागदोपत्रीही आहे. पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या) तपासणीत यंत्रावरचा क्रमांक नोंदणीशी ताडून पाहतात, आणि आपली पट्टी नेमकी तीच चकती झाकते. दर वेळी चार स्क्रू काढून यंत्र उचलायचे, ते अधिकाऱ्यांसमोर. पट्टीत खिडकी कापा.

पट्ट्यांना आपल्याच आकाराची खाच आहे आणि तिचे नट फक्त आपल्याकडे मिळतात. त्याऐवजी खांबावर २५ × १० मिमीची रेल द्या. आयसीयूतल्या भिंतीवर तीच आहे, क्लॅम्प आमच्याकडे पडून आहेत. रात्रपाळीच्या सिस्टरला ॲलन की शोधायला लावणारी ट्रॉली ‘बदलती’ म्हणता येत नाही.

पत्र्याबद्दल थोडक्यात. ऑर्डरमध्ये ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील लिहिले होते. थेंब चाचणीत मँगनीज जास्त दिसले, म्हणजे माल २०० मालिकेचा, हलक्या प्रतीचा आहे. जंतुनाशक हायपोक्लोराइट ३०४लाही मानवत नाही, म्हणून आम्ही दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घेतो. तरीही ट्रेच्या वेल्डवर गंज आला आहे.

आमची मागणी अशी. यूपीएसची जागा आणि अर्थिंग १५ दिवसांत इथे येऊन दुरुस्त करावे आणि प्रत्येक ट्रॉलीचा रोध आमच्या मीटरवर मोजून द्यावा. तळ, चाके आणि ट्रे ४५ दिवसांत बदलावेत. तोपर्यंत सोनोग्राफी यंत्र या ट्रॉल्यांवर चढवणार नाही, आणि रोखलेली १० टक्के रक्कमही सुटणार नाही. बदललेली पहिली ट्रॉली पूर्ण सामानासह, कॅस्टर आत वळवून, १० अंशांच्या फळीवर आमच्यासमोर उभी करून दाखवावी. फळी आम्ही तयार ठेवू.

आपले विश्वासू,
बायोमेडिकल विभाग व परिचर्या विभाग