कोणासाठीही नसलेली चित्रे

ती. बाबांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

दिवसभर चित्रे काढून झाल्यावर रात्री पुन्हा कागद-शाई घेऊन बसण्यात कसला विसावा मिळतो, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. मी एका मुखपृष्ठाचे काम नाकारले म्हणून आई काळजीत आहे, हेही त्याच पत्रात होते. दोन्हींचे मूळ एकच आहे आणि ते फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्याच्या दिवसात प्रत्यक्ष चित्र काढण्याचा वाटा तुम्हांला वाटतो त्याहून बराच कमी असतो. संहिता आली की अंगठ्याएवढी कच्ची रेखाटने करायची, कला संपादकाने त्यांतले एक निवडायचे, मग त्याचे मोठे रेखाटन, त्यावर सूचना, पुन्हा रेखाटन, रंग, पुन्हा सूचना, आणि शेवटी पडद्यावरचे रंग छपाईच्या चार शाईंत बसवायचे. या शेवटच्या पायरीवर झगझगीत हिरवा रंग हमखास मलूल होतो. यात गाऱ्हाणे करण्यासारखे काही नाही, उलट चांगल्या संपादकाच्या सूचनेने चित्र सुधारते असाच माझा अनुभव आहे. अडचण वेगळीच झाली होती. रेघ ओढण्याआधीच तिच्यावर येणारी सूचना मला ऐकू येऊ लागली होती. त्यातच, पडद्यावर दोन बोटे टेकवली की शेवटची रेघ नाहीशी होते आणि ती पुन्हा ओढता येते. अशी पुन्हापुन्हा ओढलेली रेघ बिनचूक होते, पण तिच्यात जीव उरत नाही. हा थकवा असावा असे सगळ्यांनी सांगितले, म्हणून सुट्टी घेऊन पाहिली. थकवा गेला, तरी कागदाकडे हात जाईना.

तुम्ही चिऊला प्रत्येक चित्रामागे एक चांदणी देता आणि ती आता चित्र काढण्याआधीच ‘किती चांदण्या मिळणार?’ असे विचारते, हे वाचून मला १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आठवला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका बालवाडीतून, मुळातच चित्रांची आवड असलेली ३ ते ५ वर्षांची मुले निवडली. एका गटाला आधीच सांगितले, की चित्र काढले तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्रक चित्रे काढून झाल्यावर अचानक दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात रंगीत पेने नुसती मांडून ठेवली, तेव्हा पहिल्या गटातील मुलांनी चित्रांवर इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ घालवला. बक्षिसाच्या आशेने काढलेली त्यांची चित्रेही परीक्षकांना डावी वाटली होती. आता लहान मुलांवरचा प्रयोग पोट भरणाऱ्या माणसाला जसाच्या तसा लागू करणे बरोबर नाही, हे मान्य. मला मात्र त्यातला दुसरा गट महत्त्वाचा वाटतो. बक्षीस त्यांनाही मिळाले होते, तरी त्यांची आवड ओसरली नाही. म्हणजे मोबदला हा काही विषाचा पदार्थ नव्हे. चित्र काढत असताना नजर त्याच्याकडे लागून राहते, तिथे बिघडते.

म्हणून रात्रीच्या चित्रांना मी कोणाचीच नजर लागू देत नाही. ती कोणाला दाखवत नाही, त्यांचे फोटो काढत नाही, आणि बहुतेकांवर तारीखही घालत नाही. साधने मुद्दाम अशी निवडली आहेत, की मागे फिरता येऊ नये: टाक, काळी शाई, आणि पेन्सिल अजिबात नाही. समोरची वस्तू (कात्री, बूट, माझाच डावा हात) न्याहाळायची आणि कागदाकडे न बघता नजरेच्या गतीने टाक पुढे न्यायचा. चित्र वेडेवाकडे होते. अंगठा मनगटापासून सुटून भलतीकडेच जातो. पण नखाच्या कडेला कातडी कशी दुमडते, हे मला इतक्या वर्षांत प्रथमच नीट दिसले, कारण एरवी मी हात न पाहता ‘हाताचे चित्र’ काढत होते. जलरंगांचे सुख आणखी निराळे आहे. अल्ट्रामरीन निळा भरपूर पाण्यातून खरबरीत कागदावर सोडला की त्याचे कण कागदाच्या खळग्यांत उतरतात आणि वाळताना आपोआप एक दाणेदार पोत तयार होतो. त्यात ओलेपणीच बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळला तर काही ठिकाणी राखाडी, काही ठिकाणी निळसर, काही ठिकाणी तांबूस अशा छटा उमटतात. पाणी कुठे थांबेल, हे पुरते आपल्या हातात नसते. हुकूम सोडण्याची सवय लागलेल्या माणसाला वाट पाहायला लावणारे हे माध्यम आहे, आणि आठवडेच्या आठवडे केवळ डाग वाळताना बघण्यात मी घालवले आहेत (आईला हे सांगू नका).

इथे लंडनमध्ये आल्यापासून एडवर्ड लिअरच्या पोपटांनी मला वेड लावले आहे. १८१२ साली जन्मलेला हा चित्रकार विशीतही नव्हता, तेव्हा इथल्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत पोपट समोर ठेवून रेखाटू लागला. पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून चित्रे काढण्याच्या त्या काळात हे धाडसच होते. छपाईच्या दगडावर मेणचट खडूने उलटे चित्रही तो स्वतःच काढत असे. पुढे लॉर्ड डर्बीने त्याला आपल्या खासगी प्राणिसंग्रहाची चित्रे काढण्यासाठी लिव्हरपूलजवळच्या नोझ्ली हॉलमध्ये बोलावले, आणि त्याच घरातील मुलांना हसवण्यासाठी त्याने अर्थहीन कविता रचल्या आणि वेडीवाकडी माणसे काढली. पोपट म्हणजे वेठ आणि विनोद म्हणजे आनंद, अशी वाटणी कोणी करू पाहील, पण मला ती पटत नाही. त्याच्या पोपटांच्या डोळ्यांतही खट्याळपणा आहे. मला हेवा वाटतो तो एकाच हाताने दोन्ही करण्याच्या मोकळेपणाचा.

तेव्हा नोकरी-धंदा सोडून ‘मुक्त कलावंत’ होण्याचा माझा काही बेत नाही, एवढे आईला निश्चिंतपणे सांगा. ते मुखपृष्ठ नाकारले, कारण त्यांना माझेच एक जुने चित्र, फक्त पात्रे बदलून, हुबेहूब तसेच हवे होते. त्याऐवजी बियांवरचे एक मुलांचे पुस्तक घेतले आहे. त्याची कच्ची रेखाटने मी टाकानेच करून पाठवली आणि संपादकांनी त्यांतल्या बऱ्याच वाकड्या रेघा तशाच ठेवायला सांगितल्या. मोबदला थोडा कमी आहे, पण घरभाडे त्यात निघते.

चिऊच्या चांदण्या एकदम बंद करू नका, रुसेल. हळूहळू कमी करा, आणि चित्र घेऊन आली की ‘छान’ म्हणण्याऐवजी त्यात काय चालले आहे ते तिला विचारा. मोठे कागद मिळाले तर आणून द्या, आणि पुसायचे रबर काही दिवस कुठेतरी उंचावर ठेवा.

आईस साष्टांग नमस्कार, चिऊस अनेक आशीर्वाद.

तुमची,
धाकटी